लहान मुलांचा तात्पुरता ॲनिमिया, म्हणजे टीईसी : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

खेळतं-खातं दीड-दोन वर्षांचं मूल पांढरं पडलंय, तपासणीत हिमोग्लोबिन पाच निघालंय आणि डॉक्टर म्हणतात, "औषध नको, थांबू या." अशा घरांतून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचेही आहेत. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं इथल्या मजकुराशी जुळत नसेल तर त्यांचं ऐका. मूल त्यांनी तपासलंय, आम्ही नाही.

१. टीईसी म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव ट्रान्झियंट एरिथ्रोब्लास्टोपेनिया ऑफ चाइल्डहूड. हाडांच्या आतल्या बोनमॅरोमध्ये तांबड्या पेशी बनवण्याचं काम काही आठवडे बंद पडतं आणि मग आपोआप सुरू होतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स बहुधा नीट बनत राहतात. हा आजार साधारण १ ते ४ वर्षांच्या, आधी ठणठणीत असलेल्या मुलांमध्ये दिसतो. १९७० साली स्वीडनचे डॉक्टर व्रान्ने यांनी त्याचं वेगळा आजार म्हणून वर्णन केलं. तसा तो दुर्मीळच. पण सौम्य असेल तर कुणाच्या लक्षात न येता बराही होऊन जातो.

२. कशामुळे झालं? आमचं काही चुकलं का?

नाही. ना खाण्यात, ना स्वच्छतेत. अनेक मुलांना काही आठवडे आधी सर्दी-ताप किंवा जुलाब होऊन गेलेले असतात. पण या वयाच्या मुलाला सर्दी कधी नसते? कोणताही एकच विषाणू यामागे ठामपणे सिद्ध झालेला नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा तांबड्या पेशींच्या पूर्वपेशींना काही काळ दाबून धरते, असा सर्वमान्य अंदाज आहे. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. भावंडांना एकाच वेळी झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, पण अगदी थोडी.

३. हिमोग्लोबिन ५ आणि पोरगं सोफ्यावरून उड्या मारतंय. रिपोर्ट चुकला का?

बहुतेक वेळा चुकलेला नसतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणजे नवीन पेशी बनणं पूर्ण थांबलं तरी रोज एक टक्क्याहून कमीच पेशी जातात. १२ वर असलेलं हिमोग्लोबिन रोज साधारण ०.१ ने उतरत सहावर यायला जवळजवळ दोन महिने लागतात. तेवढ्या काळात शरीर जुळवून घेतं : हृदय थोडं जलद चालतं, आणि पेशी आपल्याजवळचा ऑक्सिजन जास्त सहज सोडतात. हेच हिमोग्लोबिन अपघातात एका तासात पाचवर आलं असतं तर मूल बेशुद्ध पडलं असतं.

घरच्यांना कळत नाही त्याचंही कारण हेच. रोज बघणाऱ्याला उतरता रंग दिसत नाही, सुट्टीला आलेली आत्या दारातच विचारते, "हा असा पांढराफटक का दिसतोय?" शंका आली तर दिवसाउजेडी खालची पापणी हलकेच खाली ओढून आतला भाग बघा आणि तळहाताच्या रेषा आपल्या हाताशी ताडून पाहा. ट्यूबलाइटखाली बघू नका, फसाल.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. निदान होतं तेव्हा आजाराचा बराचसा काळ उलटून गेलेला असतो. म्हणूनच "थांबू या" हा सल्ला दिसतो तेवढा बेफिकिरीचा नाही.

४. रिपोर्टमध्ये नेमकं काय बघायचं?

समजा दोन वर्षांच्या मुलीचा रिपोर्ट असा आहे : हिमोग्लोबिन ५.४, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ७७, पांढऱ्या पेशी ७,८००, प्लेटलेट्स ४,२०,०००, रेटिक ०.२ टक्के. हे टीईसीचं ठरावीक चित्र. तांबड्या पेशी कमी, आकाराने नेहमीच्या, बाकी सगळं जागेवर, आणि नवीन पेशींचा पत्ता नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा आकडा रेटिकचा. रेटिक्युलोसाइट म्हणजे मॅरोतून नुकतीच बाहेर पडलेली कोवळी तांबडी पेशी. हिमोग्लोबिन एवढं उतरल्यावर धडधाकट मॅरो अशा पेशी भराभर बाहेर सोडतो. तिथे रेटिक शून्याच्या आसपास असेल तर कारखाना बंद आहे. हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेल्या कोणत्याही मुलाचा रेटिक काउंट रक्त चढवण्याआधी व्हायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. तपासणी स्वस्त आहे, तरी लिहून द्यायची सर्रास राहून जाते.

आता फसवणाऱ्या गोष्टी. पहिली, अनेक लॅब रिपोर्टवर मोठ्या माणसांची रेंज छापतात. त्यात एमसीव्ही ८० ते १००, म्हणून ७७ पुढे "कमी" असा शिक्का येतो. दोन वर्षांच्या मुलाला ७७ नॉर्मल आहे. याच रेंजमुळे ६० टक्के लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) "जास्त" दिसतात; या वयात तेही नॉर्मल. दुसरी फसवणूक रेटिकचीच. रिपोर्टवर रेटिक १.५ आणि बाजूला नॉर्मल ०.५ ते २.५ असेल तर आपण निश्चिंत होतो. पण ही टक्केवारी शिल्लक राहिलेल्या पेशींची आहे. हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) १५ असेल तर, नॉर्मल ३६ धरून, १.५ गुणिले १५ भागिले ३६, म्हणजे जेमतेम ०.६. एवढ्या ॲनिमियात हा आकडा फारच कमी आहे.

५. आमच्या तालुक्याला रेटिक होत नाही म्हणतात. मग?

(हा प्रश्न डॉक्टरांचा.) मोठं मशीन नसलं तरी होतो. जांभळ्या टोपणाच्या बाटलीतल्या रक्ताचे थोडे थेंब न्यू मिथिलिन ब्लू या रंगात मिसळायचे, शरीराच्या तापमानाला पंधरा मिनिटं ठेवायचे आणि स्लाइड काढायची. कोवळ्या पेशींत निळी जाळी दिसते. हजार तांबड्या पेशींमागे अशा किती, ते मोजायचं. रंगच नसेल तर तीच बाटली थंड ठेवून त्याच दिवशी जिल्ह्याला पाठवा, सोबत साध्या रक्ताची एक स्लाइडही द्या.

६. आधी लोहाचं औषध दिलं आणि महिन्यात हिमोग्लोबिन वाढलं. म्हणजे लोहच कमी होतं ना?

असेलही, नसेलही. टीईसी आपोआप बरा होतो, त्यामुळे त्या दिवसांत जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. मग ते सिरप असो, आजीचा काढा असो की नवस.

डॉक्टरांना आधी लोहाची शंका येते यात गैर काही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के ॲनिमिक निघाली. दिवसभर दुधाच्या बाटलीवर राहणारं दोन वर्षांचं मूल हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. पण लोह कमी असेल तर पेशी लहान आणि फिक्या होतात, एमसीव्ही साठीत उतरतं, आणि रेटिक सहसा शून्यावर जात नाही. टीईसीत लोह वापरलंच जात नसल्याने रक्तातलं लोह उलट जास्त दिसतं.

खरी गुंतागुंत दोन्ही एकत्र असतात तेव्हा होते. एमसीव्ही ६४ आणि रेटिक ०.१ असेल तर आधीपासून लोह कमी असलेल्या मुलाला टीईसीही झालाय का, हे तपासायला हवं. म्हणून औषध सुरू करण्याआधी फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्यावं. ते कमी निघालं तर लोह द्यायचं. नाही तर टीईसीसाठी लोहाचा उपयोग नाही. सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा मिळणारं १ मिलीचं लोह-फॉलिक सिरप चालू असेल तर ते चालू ठेवायचं की थांबवायचं, ते डॉक्टरांना विचारा.

७. बीट, डाळिंब, खजूर, लोखंडी कढईतली भाजी सुरू केली आहे. चालेल ना?

चालेल, रोजचं जेवण म्हणून. पण इथे सामानाची टंचाई नाहीच, काम बंद आहे. त्यामुळे आहाराने रेटिक लवकर वर येणार नाही. मूल नको म्हणत असताना बिटाचा रस तोंडात ओतू नका. लोहभस्म, मंडूरभस्म हे शेवटी लोहच असतं. दुकानातून आणलेली भस्मं लहान मुलाला परस्पर देऊ नका.

८. हा रक्ताचा कॅन्सर तर नाही ना?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, विचारायचं मात्र धाडस होत नाही. ल्युकेमियात सहसा एकटा ॲनिमिया नसतो. रेंगाळणारा ताप, पाय दुखतात म्हणून चालायला नकार, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके किंवा विनाकारण निळे डाग, मानेत-काखेत गाठी, वाढलेलं यकृत-प्लीहा यांपैकी काहीतरी सोबत असतं. रक्तातही प्लेटलेट्स किंवा पांढऱ्या पेशी बिघडलेल्या असतात. पांढरं पडलेलं पण हसतं-खेळतं मूल, गाठी नाहीत, प्लेटलेट्स भरपूर, स्लाइडवर विचित्र पेशी नाहीत, असं असेल तर चिंता बरीच कमी होते.

अपवाद असा की टीईसीतही काही मुलांच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा दोन प्रकारच्या पेशी कमी दिसतात आणि डॉक्टर मॅरो तपासायचं ठरवू शकतात (पुढचा प्रश्न पाहा).

९. बोनमॅरो तपासणी करावीच लागते का?

सगळ्यांना नाही. वय, तपासणी, स्लाइड आणि रेटिक यांचं चित्र जुळत असेल तर आठवडाभर थांबून रक्त पुन्हा तपासणं हा योग्य मार्ग आहे. दोन किंवा अधिक प्रकारच्या पेशी कमी असतील, मूल एक वर्षाच्या आतलं असेल, प्रश्न ८ मधलं एखादं लक्षण असेल किंवा दोन महिन्यांत सुधारणा नसेल, तर मात्र करावी.

मॅरो वाचणाऱ्यांसाठी एक सावधगिरी : टीईसीत हेमॅटोगोन नावाच्या निरोगी पण कोवळ्या लिम्फॉइड पेशी वाढलेल्या असू शकतात आणि त्या ल्युकेमियासारख्या भासू शकतात. फ्लो सायटोमेट्रीने त्या वेगळ्या ओळखता येतात.

१०. डॉक्टरांनी "डायमंड-ब्लॅकफॅन नाही ना, ते बघू" असं म्हटलं. ते काय?

तोही तांबड्या पेशी न बनण्याचाच आजार, पण जन्मजात आणि दीर्घकाळ चालणारा. बहुतेक मुलांमध्ये तो पहिल्या वाढदिवसाआधीच कळतो. पेशी आकाराने मोठ्या असतात, हिमोग्लोबिन एफ (गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन) आणि तांबड्या पेशींतलं एडीए हे एन्झाइम वाढलेलं असतं. काही मुलांचे अंगठे वेगळे असतात, टाळू दुभंगलेली असते, हृदयात दोष असतो किंवा उंची कमी असते. डॉक्टर अंगठे निरखून बघतात ते यासाठी. टीईसीत हे काही नसतं. एडीए तपासणी सगळीकडे होत नाही आणि रक्त चढवल्यावर तिचा उपयोग राहत नाही. शंका टिकून राहिली तर जनुकीय चाचणी करतात.

११. आमच्या घरात सिकलसेल आहे. बाळाचं हिमोग्लोबिन चार दिवसांत ८ वरून ५ वर आलं. हेच का?

नाही, आणि इथे थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. सिकलसेल या आनुवंशिक आजारातली तांबडी पेशी १२० दिवस नाही, जेमतेम १० ते २० दिवस जगते. तिथे उत्पादन थांबलं की प्रश्न ३ मधला हिशेब पार बदलतो : महिन्यांचं काम दिवसांत होतं. याला अप्लास्टिक क्रायसिस म्हणतात. कारण बहुधा पार्वोव्हायरस बी-१९ हा विषाणू. जन्मजात स्फेरोसायटोसिससारख्या, पेशी लवकर फुटणाऱ्या इतर आजारांतही हे होतं. मॅरो साधारण आठवडा-दहा दिवसांत पुन्हा सुरू होतो, पण मधल्या काळात अनेकांना रक्त द्यावंच लागतं.

शिवाय हा विषाणू लागतो. घरात सिकलसेल असलेलं दुसरं भावंड असेल तर त्याचंही रक्त तपासून घ्या. गरोदर बाईने या मुलापासून दूर राहावं. पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो.

विदर्भातल्या किंवा नंदुरबार भागातल्या मुलाला रेटिक शून्य आणि मोठा ॲनिमिया असेल तर टीईसी म्हणण्याआधी सिकलसेल तपासणी झालीच पाहिजे. काही मुलांमध्ये हा क्रायसिसच आजाराची पहिली खूण असतो. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात वयाच्या ४० वर्षांपर्यंत तपासणी होते. कार्ड मिळालं असेल तर सोबत न्या.

१२. आम्ही शुद्ध शाकाहारी. बाळ वर्षाचं, अजून अंगावरच पितं. बी-१२ चा संबंध असेल का?

तपासायलाच हवं. आईचंच बी-१२ कमी असेल तर फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला ते मिळत नाही. रेटिक इथेही कमी असतो, पण बहुधा एमसीव्ही वाढलेलं असतं. बाळ सुस्त होतं, बसायला-हसायला शिकलेलं विसरतं, बोटांचे सांधे काळपट पडतात, कधी हात थरथरतात. यात वाट पाहणं चूक आहे. उशीर झाला तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. आईलाही औषध लागतं.

१३. फिटचं औषध चालू आहे. त्याने होऊ शकतं?

फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट अशा काही औषधांनी क्वचित तांबड्या पेशी बनणं थांबतं. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा, पण फिटची गोळी स्वतःहून बंद करू नका.

१४. रक्त कधी चढवावं लागतं? आई-बाबांचंच दिलं तर बरं नाही का?

एका आकड्यावर ठरत नाही. ५ वर असलेलं पण खेळणारं, रेटिक वाढू लागलेलं मूल थांबू शकतं. ६ वर असलेलं, धाप लागणारं, रेटिक शून्यच असलेलं मूल कदाचित नाही. दिलंच तर पॅक्ड सेल (रक्तातून वेगळ्या काढलेल्या तांबड्या पेशी), किलोमागे साधारण १० मिली, तेही तीन-चार तासांत सावकाश. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर त्याहून कमी मात्रेत, टप्प्याटप्प्याने. भरभर दिलं तर आधीच जास्त काम करणाऱ्या हृदयावर ताण येतो. बऱ्याच मुलांना एकदाच लागतं किंवा लागतच नाही.

आई-बाबांचं रक्त थेट देणं टाळलेलंच बरं. जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाळाच्या शरीरात टिकून त्याच्यावरच उलटू शकतात. प्रकार दुर्मीळ, पण जीवघेणा. ते टाळायला असं रक्त आधी किरणांचा मारा करून द्यावं लागतं. तुम्ही रक्तपेढीत दान करा, बाळाला पेढीतलं जुळवलेलं रक्त मिळू द्या.

१५. स्टेरॉइड दिलं तर लवकर बरं होईल?

नाही. टीईसीत त्याचा उपयोग दिसलेला नाही. उलट डायमंड-ब्लॅकफॅनवर स्टेरॉइड चालतं, त्यामुळे उगाच दिलं तर निदानाचाच गोंधळ होतो.

१६. घरी थांबायला सांगितलंय. रात्री दवाखाना कधी गाठायचा?

शांत असताना किंवा झोपेत श्वास मिनिटाला ४० हून जास्त (एक वर्षाखालच्या बाळाला ५० हून जास्त), दूध पिताना दमून सोडणं, कपाळावर घाम, ओठ राखाडी, न उठणारी झोप, चक्कर, पायावर सूज, हात-पाय लुळे पडणं : यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद चहासारखी झाली तर पेशी फुटत आहेत, म्हणजे आजार वेगळा आहे. तेव्हाही लगेच जा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंदांचा चौपट नको.

खेळणं बंद करायची गरज नाही. दमलं की मूल स्वतःच बसतं. पाळणाघरात मात्र सांगून ठेवा.

१७. लसी द्यायच्या का?

टीईसीमुळे लस चुकवायचं कारण नाही. अडचण रक्त चढवल्यावर येते : त्यातल्या प्रतिपिंडांमुळे गोवर-रुबेला, एमएमआर आणि कांजण्यांची लस नीट लागू होत नाही, म्हणून ती साधारण ३ ते ६ महिने पुढे ढकलतात. किती, ते कोणत्या प्रकारचं रक्त दिलं त्यावर आहे. गावात गोवराची साथ असेल तर डॉक्टर वेगळं ठरवू शकतात. पोलिओचे थेंब आणि पेंटा वेळेवरच द्या.

१८. आम्ही परदेशात राहतो. पंधरा दिवसांनी पुण्याची तिकिटं आहेत. विमानप्रवास चालेल?

विमानाच्या केबिनमधली हवा साधारण दोन ते अडीच हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. रेटिक वाढलंय आणि हिमोग्लोबिन चढतंय तर बहुधा अडचण नाही, तरी डॉक्टरांचा लेखी दाखला घ्या. हिमोग्लोबिन सहावर आणि रेटिक अजून शून्यावर असेल तर तारीख बदला. आजीला व्हिडिओ कॉलवर वाईट वाटेल, तेवढं सोसा.

१९. बरं व्हायला किती दिवस? आणि आता रेटिक एकदम ९ आला, हे काय नवीन?

बहुतेक मुलं निदानापासून एक-दोन महिन्यांत बरी होतात. सुरुवातीला आठवड्याला एकदा (हिमोग्लोबिन फार कमी असेल तर दोनदा) रक्त तपासतात. आधी रेटिक उसळतो, हिमोग्लोबिन त्याच्यामागून काही दिवसांनी वर येतं.

हा उसळीचा काळ फसवा. याच वेळी प्रथमच रक्त तपासलं तर ॲनिमिया आणि वाढलेला रेटिक बघून पेशी फुटताहेत असं वाटतं. कोवळ्या पेशी मोठ्या असल्यामुळे एमसीव्ही वाढतं, हिमोग्लोबिन एफही थोडं वाढू शकतं, आणि चित्र प्रश्न १० मधल्या आजारासारखं दिसू लागतं. दोन-तीन महिन्यांनी परत तपासा. टीईसी असेल तर सगळं वयाच्या नॉर्मलवर आलेलं असतं. आलं नाही, किंवा पुन्हा पुन्हा रक्त लागू लागलं, तर निदानाचा नव्याने विचार करायला हवा.

२०. पुन्हा होतं का? शाळेच्या फॉर्मवर लिहायचं का?

पुन्हा होणं फारच क्वचित. वाढीवर, बुद्धीवर परिणाम राहत नाही, कायमचं औषध नाही, खेळ-पोहणं सगळं चालतं. फॉर्मवर "पूर्वी ॲनिमिया, आता बरा" एवढं पुरे. रक्त चढवलं असेल तर तारीख लिहा. रक्त चढवण्याआधीचा रिपोर्ट आणि स्लाइड मात्र जपून ठेवा. स्लाइड लॅबकडून मागून घेता येते. आणखी काही वर्षांनी कुणी "तेव्हा नेमकं काय होतं?" असं विचारलं, तर नंतरच्या कोणत्याही तपासणीतून त्याचं उत्तर मिळणार नाही.